गाडीचं लाकूड, गाडीचं कातडं आणि आमची ही

मी, खाली सही करणारा, निवृत्त जमीनमोजणीदार, आज पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दडपणाखाली न येता आणि स्वतःचाच चष्मा लावून हे मृत्युपत्र लिहीत आहे. यापूर्वी मी असे काही लिहिलेले नाही. लिहिले असेल आणि विसरलो असेन, तर ते रद्द समजावे.

कलम १. राहते घर आणि बँकेतील ठेव माझ्या पत्नीला मिळावी. तिच्यानंतर मुलगा व मुलगी यांनी निम्मे-निम्मे घ्यावे. दोघे शहाणे आहेत, भांडणार नाहीत.

कलम २. खरा प्रश्न गाडीचा. सेकंडहँड घेतलेली, पण समोर अक्रोडाच्या लाकडाची पट्टी आणि अस्सल कातड्याच्या सीटा. मुलगा म्हणतो, "बाबा, विकून टाका, नुसतं पेट्रोल पिते." मुलगी म्हणते, "आईला टॅक्सी बोलावून देऊ की!" दोघांचा हेतू चांगला आहे. पण हिला गाडी चालवता येत नाही, गुडघ्यांनी केव्हाच हात टेकले आहेत, आणि दर रविवारी मी फिरवून आणतो तेवढेच तिचे बाहेर पडणे. टॅक्सीचे विचारले तर म्हणाली, "अहो, टॅक्सीवाल्याला 'जरा थांबा, ते झाड बघू द्या' असं म्हणता येतं का?" माझ्यामागे ती चार भिंतींत अडकून पडेल, याचीच मला भीती वाटते. सबब, ती हयात असेपर्यंत गाडी विकू नये.

कलम ३. निगा. कातडे माझ्याकडे, लाकूड हिच्याकडे, अशी आमची पहिल्यापासून वाटणी. लाकडावरची धूळ आधी मऊ ब्रशने झाडावी. न झाडता फडके फिरवले की ओरखडे आलेच. मग घट्ट पिळलेले फडके रेषांच्या दिशेने फिरवावे, लगेच कोरडे करावे, आणि मेण नखाएवढेच लावावे. मेण लावताना ही गुणगुणते. ते कोणाला शिकवता येणार नाही. कातड्याला सौम्य साबणाचा नुसता फेस लावावा, पाणी ओतू नये. शिवणीतला मळ जुन्या टूथब्रशने काढावा. सुकल्यावर कातड्याचे क्रीम, तेही आधी सीटखालच्या कोपऱ्यात लावून बघावे. गाडी सावलीत ठेवावी. माझे जुने बनियन याच कामासाठी राखले आहेत, ते कोणाला देऊ नयेत. कोणी घेणारही नाही म्हणा.

कलम ४. माझा धाकटा भाऊ, ज्याला घरात सगळे तेलभाऊ म्हणतात. एकदा मी परगावी असताना त्याने मोठ्या प्रेमाने सगळ्या सीटांना डोक्याचे तेल चोपडले. जाब विचारला तर म्हणतो कसा, "दादा, कातडंच ना ते? माझ्या टाळूला चालतं, मग त्याला काय धाड भरलीय?" सगळे तेल पुसून निघाले असे मला वाटले, आणि दुसऱ्या दिवशी माझे साहेब पांढरी पँट घालून त्या सीटवर बसले. उतरले तेव्हा पँटवर सीटची अख्खी शिवण उमटली होती, टाक्यांसकट. ही साहेबांसमोरच हसून हसून खाली बसली. तेव्हापासून भावाला मी गाडीच्या दाराला हात लावू दिलेला नाही. दीर-वहिनी अजूनही तो प्रसंग आठवून खिदळतात, आणि मी खोलीत आलो की गप्प होतात.

कलम ५. पुष्कळ विचार केला. मुलगा परगावी, मुलगी तिच्या संसारात. शेजारचे डॉक्टर गाडी उत्तम चालवतात, पण तोंडातून शब्द काढत नाहीत. हिला हसवत नेणारा आणि सांगितल्याजागी थांबणारा माणूस एकच आहे. म्हणून किल्ली मी तेलभाऊला देत आहे. मालकी हिची, चाक त्याचे. दर रविवारी त्याने वहिनीला बाहेर न्यावे. घाई करू नये.

कलम ६. सीट मळेल, लाकडाला ऊन लागेल, रस्त्यात चिखल आहे, या सबबींवर एकही रविवार चुकवू नये. कलम तीन आणि रविवार यांचे जुळले नाही, तर रविवारचे ऐकावे. मी ही गाडी इतकी जपली, ती हिला नीट बसता यावे म्हणून. माझे या बाईवर फार प्रेम आहे. कागदावर प्रथमच लिहितो आहे. कातडे फाटले तर फाटू दे, लाकूड विटले तर विटू दे. हिला घरात ठेवू नका.

हे सर्व मी वाचून पाहिले, मला मान्य आहे, आणि साक्षीदारांच्या डोळ्यांदेखत सही करत आहे.

मृत्युपत्र करणारा: (सही)

साक्षीदार
१. शेजारचे डॉक्टर (सही)
२. सीटा शिवणारा कारागीर (सही)

ठिकाण: राहते घर, पुढची खोली
दिनांक: १५ मार्च, रविवार. सही झाली, आता निघतो. ही गाडीत बसून हॉर्न वाजवते आहे.