कडूबाईनं श्वास परत शिकला त्याची हकीकत

मुकुंदवाडी,
छत्रपती संभाजीनगर

आदरणीय आक्कास,
धाकट्या धोंडिबाचा मनापासून जय भीम. गुडघ्याला तेल लावतेस का? अन् कानाची मशीन कानात आहे का अजून ट्रंकेतच? (फोनवर मी तीनदा ओरडलो, "कडू बरी आहे!" तू म्हणालीस, "कढी नको करू, घसा धरतो." म्हणून हा कागद.)

तर तुझी भावजय दवाखान्यातून घरी आली. झालं असं, की निमोनियानं तिची फुप्फुसं भरली. जी बाई छावणीच्या बाजारात "मेथीऽऽ" म्हणाली की बैलं थांबायची, तिला दोन शब्द बोलायला दम पुरंना. आयसीयूत झोपेचं औषध देऊन घशात नळी घातली अन् मशीन तिच्यासाठी श्वास घ्यायला लागली. आक्का, तीस वर्षं मी हर्सूलच्या पाण्याचे वॉल फिरवले, दाब म्हणजे काय ते मला कुणी शिकवू नये. त्या मशीनवर मी लई खूश झालो. काय शिस्त, काय ताल! मी नर्सबाईला सांगून टाकलं, हिनं जन्मभर कष्टच केले, आता महिनाभर मशीनलाच श्वास घेऊ द्या, हिला आराम पडू द्या.

हे ऐकलं नौशीननं. ही तिथली फिजिओथेरपिस्ट, तुझ्या लेकीच्या, करुणाच्या वयाची पोरगी. म्हणाली, "चाचा, छातीखाली एक पडदा असतो, तो श्वास ओढतो." मी मागं वळून पलंगाचा हिरवा पडदा बघितला. "तो नाही, चाचा. आतला, मांसाचा. मशीननं सगळंच काम केलं की दोन-चार दिवसांत तो बारीक होतो. प्लास्टरमधून काढलेला पाय बघितलाय ना?" बघितला होता, माझाच. (जांभळावरून मी पडलो असं घरी सांगितलं होतं. ढकललं कुणी ते तुला ठाऊक आहे.) काडीसारखा झालेला तो पाय आठवला अन् मशीनवरचं माझं प्रेम निम्म्यानं उतरलं.

सातव्या दिवशी ताप उतरला, कडूबाई जागी झाली. डॉक्टर म्हणाले, नळी राहू दे, मशीनची मदत कमी करू, अर्धा तास हिला स्वतः श्वास घेऊ दे. मी पायथ्याशी उभा. बाराव्या मिनिटाला तिची मान ताणली, कपाळावर घाम आला, डोळ्यांत भीती दिसली. या बाईच्या डोळ्यांत भीती मी बेचाळीस वर्षांत पहिल्यांदा बघितली. लगेच मशीन पहिल्यासारखी चालू केली. मी बाहेर येऊन नौशीनवर चिडलो, माझं ऐकलं असतं तर ही वेळ आली नसती म्हणालो. ती शांतपणे म्हणाली, "काल शून्य मिनिटं होती, चाचा. आज बारा आहेत."

त्या दिवसापासून तिनं तालीम लावली. नळीसकट कडूबाईला पलंगाच्या कडेला पाय सोडून बसवायची. नळीला एक छोटी टोपी लावायची, तिच्यातून श्वास ओढायला जोर लागायचा. सहा श्वास, मग आराम, परत सहा. कडूबाई डोळे वटारायची, नौशीन हसून म्हणायची, "शाबास चाची, अजून एक." दुसऱ्या दिवशी कडूबाईनं खुणेनं पाटी मागितली. मला वाटलं, नवऱ्याची खुशाली विचारते. तिनं लिहिलं, "बाजारात माझ्या जागी कोण बसतं?" मी खरं सांगितलं, गीताबाई, तिच्याशी गिऱ्हाइकावरून भांडणारी. (आक्का, खोटं बोलायची मला सवय नाय, अन् अक्कलही नाय.) त्या दिवशी नौशीननं सांगितल्यापेक्षा कडूबाईनं दोन फेऱ्या जास्त श्वास ओढले.

दुसऱ्या खेपेलाही अर्धा तास भरला नाय. तिसऱ्या खेपेला परत अर्धा तास लावला. दहा मिनिटं झाली, बारा झाली, पंधरा झाली. काळजीनं मी माझाच श्वास धरून बसलो होतो, ते मला अठराव्या मिनिटाला कळलं, फरशीवर. शुद्धीवर आलो तर नर्सबाई माझं बीपी मोजतेय, अन् पलीकडं अर्धा तास पुरा करून कडूबाई बसलेली! नळी काढली. खोकली, अन् खरखरीत आवाजात पहिलं वाक्य बोलली, "ह्यांना आधी बघा." मी रडलो, नौशीनही रडली, डॉक्टर खिडकीबाहेर बघायला लागले.

अजून जिन्याच्या चार पायऱ्या चढली की दम लागतो. व्यायाम रोज चालू आहे. पण आक्का, ती बाई अन् ती पोरगी, दोघींपुढं मी मान झुकवली. भाऊजींना जय भीम, लेकरांना आशीर्वाद.

तुझा,
धोंडिबा

ता. क. – खरं काम राहिलंच. महिनाभर इकडं येऊन राहा. माझ्या हातच्या भाकरीला कडूबाई हात लावत नाय.

ता. क. दुसरा – आक्का, मी कडूबाई. कागद पाकिटात घालायला माझ्याकडं दिला, म्हणून लिहिते. भाकऱ्या मी बसून थापते, तुम्ही गुडघ्याला त्रास देऊ नका. उलट ह्यांनाच तिकडं बोलवून घ्या. दुपारी माझा डोळा लागला की हे माझ्या नाकाखाली बोट धरून बसतात. काल जागी झाले तर बोट तसंच, अन् ह्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. आठ दिवस ठेवून घ्या, पोटभर खाऊ घाला, झोपू द्या. नवव्या दिवशी मात्र पाठवाच.