मंत्रिपद मिळालं, म्हणून पुन्हा मतदान

स्लाऊ,
३ फेब्रुवारी २०२६

चि. निवेदितास,
अनेक आशीर्वाद.

फोनवर तू मध्येच बोलतेस, म्हणून पत्र. मला कौन्सिलच्या कॅबिनेटमध्ये घेतलंय, म्हणजे नगरपालिकेपुरती मंत्रीच झाले; बस आणि रस्ते आता माझ्याकडे. याच बसेसवरून कॅबिनेटला धारेवर धरून मी निवडून आले होते, त्यामुळे वॉर्डात कुजबुज आहे की बाई खुर्चीला भुलल्या.

तू मागे म्हणाली होतीस, जुन्या ब्रिटिश वसाहतींत निवडून आलेला माणूस मंत्री झाला की त्याची जागा रिकामी व्हायची, पोटनिवडणूक लागायची. मीही माझ्या जागेचा राजीनामा देऊन पुन्हा उभी राहते. तुझ्या श्रीनिवासकाकांच्या मते मला वेड लागलंय. सध्या ते माझ्याशी फक्त कुकरच्या शिट्ट्यांबद्दल बोलतात.

लोभ आहेच, खरं काय तेही कळव.
तुझी मधुमती मावशी

केंब्रिज,
७ फेब्रुवारी

ती. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

खरं आहे, माझ्या पीएचडीचं एक अख्खं चॅप्टर त्यावरच आहे. बहुतेकांच्या विरोधात कुणी उभंच राहायचं नाही. पण ऑस्ट्रेलियातल्या एका वसाहतीतले एक मंत्री छाती काढून मतदारांकडे गेले आणि आपटले. मंत्रिपद गेलं, जागाही गेली. तुझ्यावर तर कायद्याची सक्तीही नाही. म्हणून सांगते, करू नकोस.

तू करणारच. शनिवारी लीफलेट वाटायला येते.

रागावलीस तरी लोभ असू दे.
तुझी निवेदिता

स्लाऊ,
२८ मार्च

चि. निवेदितास,
अनेक आशीर्वाद.

आले निवडून! मतं मागच्यापेक्षा कमी पडली, पण पडली ती नीट विचार करून. एका बाईंनी दारातच सुनावलं की तुम्हाला कौन्सिलशी भांडायला पाठवलं होतं, कौन्सिल व्हायला नाही. मी म्हटलं, म्हणूनच तर विचारायला आले. तू परत गेल्यावर काका आपणहून लीफलेट घेऊन निघाले. कुत्री अंगावर आली तरी गल्ली सोडली नाही. कौन्सिलच्या लीडरने खातंही पुन्हा दिलंय.

काल कोपऱ्यावरचे विष्णू साठे आले. बसल्याबसल्या म्हणाले की मत मी तुमच्या विरोधात दिलं. मग म्हणाले, पण विचारायला आलात, आता तक्रार दुसऱ्या कुणाकडे नेऊ? आणि चहा यायच्या आत बसस्टॉपच्या गळक्या छपरावर सुरू झाले. काका कप घेऊन आले तोवर मी दुरुस्तीवाल्यांना फोन लावला होता.

वाद घालत राहा, माया तेवढीच राहील.
तुझी मधुमती मावशी