डब्याचं विधिवत विसर्जन

सोमवार, २१ जुलै
एक गंभीर बाब नोंदवणं भाग आहे. माझ्या घरात, माझ्या लॅपटॉपवर, माझ्या हस्ते एक कंटेनर उभा राहिला आणि त्याने मला न विचारता स्वतःचं नाव ठेवून घेतलं. एक इंग्रजी विशेषण, एक खालची रेघ, पुढे कुणाचं तरी आडनाव. विशेषणाचा अर्थ ‘स्वप्नाळू’. ना बारसं, ना आत्या, ना घुगऱ्या. संस्कृत घेऊन एम.ए. झालेल्या माणसाच्या घरात हे चालायचं नाही.

पार्श्वभूमी (आत्मचरित्र लिहिताना उपयोगी पडेल): आमचं साप्ताहिक पंधरा ऑगस्टपासून पोर्टल होतंय. संपादक जितेशने सगळ्या वार्ताहरांना त्या पोर्टलचा एक बंद डबा पाठवलाय (संगणकाच्या भाषेत यालाच कंटेनर म्हणतात). काळ्या खिडकीत एक ओळ टाइप केली की डबा चालू. लेख त्यातच लिहायचे आणि आठ तारखेला बटण दाबून सगळे एकदम पाठवायचे. खारी गावातल्या जुन्या विहिरींवरची माझी पाच भागांची मालिका त्यातून जायची आहे. नाही गेली तर माझ्या सदराची जागा आमच्याकडच्या नव्या वार्ताहर समिधाच्या मोबाइल-व्हिडिओंना. समिधा चांगली मुलगी आहे. फक्त विहिरीसमोर उभी राहिली की विहिरीकडे पाठ करते.

निहार (चिरंजीव, ऐरोलीला कंटेनरचंच काम करतो) काल येऊन सगळं बसवून गेला. जाताना म्हणाला, “बाबा, ही ओळ जशीच्या तशी टाका. काही काढू नका, काही घालू नका.”
मी पाठभेद तपासायला लागलो तेव्हा हा पाळण्यात होता.

मंगळवार, २२ जुलै
ओळ शुद्ध केली. ‘बाहेरचा फोल्डर डब्याला जोडा’ अशा अर्थाचा एक लांबलचक तुकडा मध्येच घुसला होता. त्या बाहेरच्या फोल्डरात विजेची बिलं, सोसायटीच्या नोटिसा आणि मृणालिनीची (सौभाग्यवती) बोंबलाच्या कालवणाची रेसिपी. श्रावण तोंडावर. सोवळ्यातल्या डब्याला हा स्पर्श कशाला? तुकडा काढला. ओळ सुटसुटीत झाली. डब्याला नाव दिलं ‘पार्थिव’.

संध्याकाळी: चाललं! पहिला लेख लिहिला. टिपणं काढत नाही मी. शाळेत सगळ्या विभक्त्या उलट्या क्रमाने म्हणून बक्षीस घेतलेलं आहे. पाच विहिरी म्हणजे काय.

बुधवार, २३ जुलै
कालची ओळ पुन्हा मारली तर काळी खिडकी म्हणते, या नावाचा डबा आधीच आहे. थोडं चिंतन केल्यावर चूक सापडली. आवाहन केलं, पूजा केली आणि विसर्जन राहिलं! श्रावणातलं पार्थिव लिंग रोज नवं करतात, पूजा झाली की त्याच दिवशी विसर्जन. नाव मी दिलं आणि विधी मीच विसरलो. शोध घेतला तर ओळीत दोनच अक्षरं वाढवायची आहेत. डबा थांबवला की आपोआप नाहीसा. पाश्चात्त्यांनाही विसर्जन माहीत आहे, हे वाचून बरं वाटलं.

जुना डबा स्वहस्ते काढला. नवा उभा केला. दुसरा लेख लिहिला. झोपण्यापूर्वी विसर्जन.

मृणालिनी म्हणाली, “गॅसचा नंबर लावलास का, हे तू आत्ता दुसऱ्यांदा विचारलंस.” मी म्हणालो, हा द्विरुक्तीचा अलंकार आहे.

शनिवार, २६ जुलै
लय सापडली. सकाळी आवाहन, दिवसभर लेखन, रात्री विसर्जन. रोज सकाळी पोर्टल सांगतं, ‘एकही लेख नाही’. किती विनयशील! कालचं लिहिलेलं समोर नाचत नाही, त्यामुळे मन स्वच्छ. लेख अर्थातच आत जमा होत असणार.

निहारचा फोन. जुने लेख दिसतायत ना, म्हणून विचारत होता. मी म्हणालो, लेख दिसण्यासाठी नसतात, असण्यासाठी असतात. “बरं,” म्हणून त्याने फोन ठेवला. प्रभावित झाला असावा.

मंगळवार, २९ जुलै
शेअर रिक्षाने खारीला. दत्ताराम म्हात्रे यांच्याकडून चौथ्या विहिरीची हकीकत घेतली. विहीर कुठे आहे विचारलं तर म्हणतात, “हाय ना. त्या बिल्डिंगच्या लिफ्टखाली हाय. लिफ्ट खाली येते तवा मला वाटतं पाणी भरायला चालली.”
उत्तम वाक्य. लेखाचा शेवट यावरच.
परत निघालो तर म्हणाले, “मास्तर, गेल्या टायमाला बी हाच इचारलंत.” मी पत्रकार आहे, मास्तर नव्हे. शिवाय पत्रकाराने दोनदा खात्री करायची असते.

शुक्रवार, १ ऑगस्ट
संकल्प: आमच्या पूनम सागर सोसायटीतल्या ज्येष्ठांसाठी कंटेनरचा मोफत वर्ग. विषय, ‘कमांड लाइन आणि षोडशोपचार’. आमच्या मजल्यावरचे शहा म्हणाले, “सर, पहले मेरा वायफाय तो चालू कर दो.” लोकांची झेप बेताची.

सोमवार, ४ ऑगस्ट
घरी पार्थिव पूजा. मृणालिनी बादलीत विसर्जन करताना म्हणाली, “यानंतर मागे काय राहतं रे?”
मी म्हणालो, काही नाही, तोच तर मुद्दा.
तिने ओले हात पुसले. लॅपटॉपकडे पाहिलं. म्हणाली, “मग तुझे लेख?”
हसलो. झोप जरा उशिरा लागली. साबुदाणा.

शुक्रवार, ८ ऑगस्ट
सकाळी आवाहन. ‘एकही लेख नाही’. नेहमीचा विनय. समारोपाचा परिच्छेद लिहिला, नमस्कार करून बटण दाबलं.

तासाभरात जितेशचा फोन. “सर, एकच परिच्छेद आलाय.”
मी म्हणालो, बाकीचे मागून येत असतील.
“सर, ही बस नाहीये.”

रात्रीचं विसर्जन रद्द.

शनिवार, ९ ऑगस्ट
निहार आला. काळ्या खिडकीतल्या माझ्या जुन्या ओळी एकेक करून वाचल्या. मी दिलेली ओळ कुठंय, म्हणाला. मी शुद्धीकरणाचा हेतू समजावून सांगितला. सोवळं, स्पर्श, विसर्जन, सगळं. त्याने मध्येच चष्मा काढून डोळे चोळले.
“बाबा, तो फोल्डर जोडला असता तर लेख बाहेर राहिले असते. तुम्ही रोज रात्री ते डब्यासकट बुडवलेत. गेले ते.”
मी म्हणालो, म्हणजे पद्धत बरोबर होती. फक्त फारच बरोबर होती.
मृणालिनी आत जाऊन हसली. भिंत पातळ आहे.

जितेश देवमाणूस. म्हणाला, “सर, सोमवारपर्यंत द्या. तुमचंच लिहिलेलं आहे, पुन्हा उतरवायला कितीसा वेळ?” खरंच आहे. एका बैठकीचं काम. उलट भाषा आणखी घोटीव होईल.

रविवार, १० ऑगस्ट
सकाळी बसलो. निहारची ओळ, जशीच्या तशी. फोल्डर जोडलेला. पहिल्या लेखाचं शीर्षक टाकलं.
चहा.
लिफ्टचं वाक्य टाकलं. ते या रोजनिशीत होतं म्हणून.
पुन्हा चहा.

दुपारी खारीला. दत्ताराम ओट्यावर जाळं घेऊन बसलेले. मी म्हणालो, पहिल्या विहिरीपासून सांगा. त्यांनी जाळं बाजूला ठेवलं. “मास्तर, तुमाला दोनदा सगला सांगितलाय. तिसऱ्यांदा सांगतो, माजी काय हरकत न्हाय. पन तुमची तब्येत बरी हाय ना?”
तब्येत उत्तम आहे, म्हणालो. त्यांनी सांगितलं. मी मान हलवत होतो.

रिक्षातून उतरेपर्यंत पहिली विहीर कुणी खणली तेच गेलं.

जितेशला कळवलंय, या वेळी जागा समिधाला दे. कारण दिलं, कंटेनरची तांत्रिक अडचण. त्याला पटलं. निहारलाही पटेल.

कंटेनर व्यवस्थित चालू आहे. अडचण त्याची नाही. तीन आठवड्यांत पाच लेख मी लिहिले आणि त्यातली एक ओळसुद्धा मला आठवत नाही. गॅसचा नंबर, दत्ताराम, हे अलंकार नव्हते. मला भीती वाटतेय. अजून मृणालिनीला सांगितलेलं नाही.