वाळूत फुललेली मर्यादवेल

प्रिय विहीणबाई,

ते 'प्रिय' तुमच्या लेकीनं घातलंय हां! मला अक्षर येत नाही. बोलतेय मी आणि लिहितेय आमची सून, तुमची शोभा. गेलेल्या माणसाला पत्र कसलं, म्हणाल. पण काल सकाळी तुमची मर्यादवेल फुलली! हे तुम्हाला नाही तर कुणाला सांगू?

कोकणातून एसटीनं आलात, मांडीवर ओल्या फडक्यातलं गाठोडं. मला वाटलं, काजू असतील. निघालं काय, तर समुद्रकाठचं रान! "हे देशावरच्या कर्जतच्या उन्हात टिकायचं न्हाई," मी म्हटलं. तुम्ही पदराआड हसलात. "माझी पोरगी टिकली की इथं." लई लागलं होतं ते मला!

जाताना बजावलंत, "नुसती वाळू द्या. शेणखत घालू नका." आता सांगा, कुणब्याच्या घरात कुणाला उपाशी ठेवतात का? त्यात विहिणीकडची वेल! म्हणाल, हिला घातलं नाही, तर लेकीला काय घालत असतील! मी काळ्या मातीत लावली, पाट्या भरून शेणखत ओतलं. वेल माजली. आपट्यासारखी पानं अंगणभर झाली, पण फूल म्हणून नाही. फोनवर विचारायचात, "फुलली का हो?" मी म्हणायची, "तुमच्यासारखीच हाय, नुसती पसरतीया."

मग तुम्हीच गेलात. असं न सांगता जातात का हो? शोभा तेराव्यानंतर तुमच्या घराला कुलूप लावून आली. रडली नाही. उठल्या उठल्या वेलीपाशी उभी राहायची, मग गुमान चुलीशी. अशात पानं पिवळी पडली, मुळं कुजायला लागली. ही गेली तर पोरीला आईचं काय राहिलं?

शेवटी तुमचंच ऐकलं. बांधकामातून उरलेल्या वाळूच्या ढिगात बऱ्या फांद्या खोचल्या. खत नाही, लाड नाहीत. आमचे मालक म्हणाले, "म्हातारे, वाळूत काय पेरतीस?"

"इहीन पेरतीया," म्हटलं.

काल जांभळं फूल उमललं. शोभा वाळूतच बसली आणि तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदा मोकळी रडली. दुपारी फूल मिटलं तरी उठेना. भाकरी मी तिथंच नेऊन दिली. आत्ताही कागद भिजवतेय बघा. "डोळं पूस, अक्षर फिसकटंल," म्हटलं, तर म्हणते, "तुम्हाला कुठं वाचायचंय, आत्याबाई!" ही जीभ तुमचीच!

नागपंचमी जवळ आलीय. दरसाल तुमचा फोन यायचा, "लेकीला पाठवताय ना?" मी मुद्दाम आढेवेढे घ्यायची. यंदा तिला कोण बोलावणार?

मी बोलावीन. ऐका, शब्द देते. पंचमीला शोभा चुलीला शिवणार नाही. लिंबाला झोका बांधीन, तिला हातभर बांगड्या भरीन, पुरणाची दिंडं मी उकडीन. तुमच्यासारखी होणार नाहीत, नावं ठेवू नका. आणि दारात येऊन कुणी विचारलंच, सून कुठं हाय, तर सांगीन, "सून न्हाई घरात. पोर माहेरी आलीया."

तुमची भांडखोर विहीण,
भागीरथी
(अंगठा माझा, अक्षर तुमच्या लेकीचं)