उत्तराच्या सत्काराला स्वतःच्या गाडीने

२३ नोव्हेंबर, रविवार
निर्णय पक्का. गाडीचे पुढचे ब्रेक घरीच बदलणार. पॅड झिजलेत, डिस्कवर चरे पडलेत. वर्कशॉपवाले नुसते लुटतात. मंत्रालयाच्या कार्यक्रमांत कोण कुठे बसणार हे मी ठरवतो. दोन चाकांचं काय एवढं!
शनिवारी बायको रिटायर होतेय, पहाडगंजच्या मराठी शाळेतून. बारा वाजता सत्कार, तोही जोडीने. नोकरीभर उत्तराने नोएडाहून बस नाहीतर मेट्रो केली. शेवटच्या दिवशी तरी फाटकापर्यंत गाडीतून न्या, एवढंच म्हणाली. नेणार!

२४ नोव्हेंबर
हाफ डे टाकला. पॅड, डिस्क बदलून झाले. अगदीच सोपं. व्हिडिओतला माणूस कॅलिपर, म्हणजे पॅड आवळणारं ते धूड, पाइपसकट बाजूला टांगून ठेवतो. त्याला सौंदर्यदृष्टी नाही. मी पाइप सोडवून दोन्ही कॅलिपर घरात आणले आणि लाल रंगवले. गाडीसमोर उभं राहून डावा-उजवा अशा चिठ्ठ्या लावल्या. व्यासपीठाचा नकाशा आम्ही नेहमी प्रेक्षकांच्या बाजूने काढतो.
डायनिंग टेबलावर ब्रेक ऑइल सांडलं. पॉलिश उडालं. उत्तराने त्यावर टेबलक्लॉथ अंथरला. म्हणजे तिची हरकत नसावी.

२५ नोव्हेंबर, संध्याकाळ
कॅलिपर चढवले. लाल रंग झकास. पेडल मात्र पार तळाला जातं. पाइपात हवा शिरलीय. उत्तराने पेडल दाबून धरायचं, मी कॅलिपरवरचा छोटा नट सैल करायचा, हवा बाहेर, नट बंद, मग तिने सोडायचं. दहा मिनिटांचं काम.

२६ नोव्हेंबर
दहा मिनिटांचं नाही. मी 'सोड' म्हणायच्या आत उत्तरा सोडते, हवा परत आत. बेसिकच कच्चं आहे तिचं. तसं तिला सांगितलं. सांगायला नको होतं.
शेजारचे चोप्राजी डोकावले. भाईसाहब, मैकेनिक बुला लो ना यार, म्हणे. बिल्कुल ज़रूरत नहीं, असं ठणकावलं.

२७ नोव्हेंबर
ऑइलची दुसरी बाटली. पेडल दाबता दाबता उत्तराचं भाषण पाठ होतंय, हा माझ्यामुळे झालेला फायदाच. मधेच तिने विचारलं, व्हिडिओत तो नट वरच्या बाजूला आहे, आपला खाली कसा? मॉडेलचा फरक, म्हटलं. शिक्षकांना शंका फार.

२८ नोव्हेंबर
पेडल जरा कडक वाटलं. मग नाही वाटलं. उत्तराने विचारलं, कॅब सांगून ठेवू का? मला लागलं ते. म्हटलं, माझ्यावर विश्वास ठेव. ती बरं म्हणाली.

२९ नोव्हेंबर, शनिवार, सकाळ
उत्तरा पैठणी नेसून पार्किंगमध्ये उभी. पाचच मिनिटं, म्हटलं. तशी बरीच पाच मिनिटं झाली. शेवटी मेट्रोने गेली. मागून या म्हणाली. येतोच, गाडीनेच!

दुपार
उलगडा झाला. चिठ्ठ्या लावल्या गाडीसमोर उभं राहून, कॅलिपर बसवले ड्रायव्हरच्या डाव्या-उजव्याने. अदलाबदल! म्हणून नट खाली गेला आणि हवा वरच अडकून बसली. उत्तराचं बरोबर होतं. हे सांगायला फोन लावला. उचलला नाही. सत्कार चालू असणार.

संध्याकाळ
चोप्राजींना पेडलवर बसवून काम फत्ते. पेडल कडक. उत्तरा ई-रिक्षाने आली, खांद्यावर सत्काराची शाल. एकदा दाबून तर बघ, म्हटलं. पैठणी सावरून बसली, दाबलं, छान झालंय म्हणाली.
मग फोटो दाखवला. माझं नाव दोनदा पुकारलं म्हणे. फोटोग्राफर मधे सरका, मधे सरका म्हणत होता, पण ही कडेलाच उभी. तिला वाटत होतं, मी येईन.
फार लाज वाटली. म्हटलं, सोमवारपासून रोज शाळेत मीच गाडीने सोडणार, शब्द देतो.
ती म्हणाली, अहो, सोमवारपासून मला शाळा नाही.