मुठीची पावलं

सोमवार, ४ मार्च

मॅडमच्या डोक्यात नवं खूळ! पुढच्या शुक्रवारी पालकांना बोलवायचं आणि भिंतभर पोरांचे ठसे लावायचे. हाताचं फूल, पायाचं फुलपाखरू. "सगळ्यांचे हवेत हं मावशी, एकही आई हिरमुसून जायला नको." सगळ्यांचे म्हणजे चौदा पोरांचे. हात दोन, पाय दोन. हिशेब त्यांनी केलाच नाही. रंग लावणार मी, पुसणार मी, रंगलेली लाळेरी धुणार मी. माईक धरून "आम्ही" म्हणणार त्या.

एकवीस वर्षं झाली या पाळणाघरात. दीड वर्षाखालच्यांची खोली माझी. एवढ्या वर्षांत मॅडमनी एकदा तरी एका पोराचं ढुंगण धुतलं असेल तर शपथ!

मंगळवार, ५ मार्च

ताटलीत पोस्टर कलर, त्यात पाणी घातलेला स्पंज. सकाळी दूध पिऊन पोरं जरा शांत असतात तेव्हा सुरुवात केली.

शेंबड्या पहिला. हात दिला, पण नाक पुसलं ते त्याच हाताने. बोळकीने निळा रंग चाटला. ढब्बू ताटलीतच बसला. भोकाडबाईंना ब्रश नुसता दिसला आणि भोंगा सुरू – तिच्या आवाजाने बाकीची तिघं रडायला लागली. हाताचे ठसे तरी कसेबसे निघतात. पायाला ब्रश लागला की गुदगुल्या होतात, बोटं आवळली जातात, आणि कागदावर उठतो तो नुसता डाग. पाऊल आहे की सांडलेली चटणी, कळायचं नाही. सोळा कागद वाया गेले. धड पाऊल एकही निघालं नाही.

माझ्या हाताखाली नवीन आलेली आहे, काडी. तेवीस वर्षांची, पदविका घेतलेली. म्हणते कशी, "डाग तर डाग, मावशी. त्यांना खेळू दे ना." उंटावरचा शहाणा! डाग बघून आया माझ्याकडे येतील, तिच्याकडे नाही.

बुधवार, ६ मार्च

शेवटी जुनी युक्ती काढली. मूठ वळायची, करंगळीची बाजू रंगात टेकवायची, मग कागदावर. झाली टाच आणि तळवा. वर बोटाच्या टोकाने पाच ठिपके – अंगठ्याचा मोठा, पुढचे लहान लहान होत गेलेले. तान्ह्या पोराचं पाऊल, हुबेहूब! पोरं झोपली होती. दुपारच्या दोन तासांत बारा पावलं काढली. काडी बघत होती. "ही फसवणूक नाही का?" म्हणाली. म्हटलं, पगार घेतेस ना, मग वाळत घाल.

ही युक्ती मी आणि माझ्या लेकाने मिळून शोधली होती. शाळा सुटली की तो इथेच यायचा, मागच्या पायरीवर बसायचा. नऊ-दहा वर्षांचा असेल. त्याची मूठ अगदी मापाची. एका वर्षी सगळ्या खोलीची पावलं त्याने एकट्याने काढली. आया कौतुकाने बघत होत्या, आणि हा माझ्या पदराआड तोंड दाबून हसत होता.

आता तो चार तासांवर राहतो, आणि वर्ष उलटलं, त्याचा आवाज नाही ऐकला. सून सातव्या महिन्यात होती. मी म्हटलं, नोकरी सोड. भल्यासाठीच बोलले! आठवड्यात दोघांनी सामान बांधलं. नात झाली ते एका ओळीच्या मेसेजवरून कळलं. एक फोटो, नुसता चेहरा, डोळे मिटलेले. दहा महिन्यांची झाली असेल. जगाची पोरं मांडीवर घेते मी, आणि स्वतःच्या नातीला हात लावलेला नाही.

गुरुवार, ७ मार्च

उरलेली सोळा काढली. करंगळीचा लाल रंग निघत नाही.

शनिवार, ९ मार्च

पत्र आलं! लेकाचं अक्षर लांबूनच ओळखलं. घाईत पाकीट नीट फाटलं पण नाही. आत कार्ड. गुलाबी रंगाचं एक पाऊल, एवढंसं, खाली दोनच शब्द – "आजीला, प्रेमाने".

रडले. लिहायला लाज कसली, भरपूर रडले. शेजारणीला दाखवलं, दूधवाल्याला दाखवलं. तो बिचारा म्हणाला, "तुमच्यावरच गेलीय वाटतं." पायावरून! पण मला ते पण खरं वाटलं. कार्ड साखरेच्या डब्याला टेकवून ठेवलंय, चहा करताना दिसावं म्हणून.

रविवार, १० मार्च

सकाळी चष्मा लावून पुन्हा बघितलं. लावला नसता तर बरं झालं असतं.

दहा महिन्यांच्या पोराच्या तळव्याला कमान नसते. सपाट असतो, सगळाच्या सगळा उठतो. या पावलाला मधे छान खोलगट कमान आहे. बोटं बघावीत तर एका ओळीत, गोल गोल, एकही फरफटलेलं नाही. आणि टाचेवर आडवी सुरकुती – तळहाताची.

मूठ आहे. मला – मला! – मूठ पाठवली!

सुनेचंच डोकं. लेकाने सांगितलं असणार गंमत म्हणून, आणि हिने म्हटलं असणार, म्हातारीला काय कळतंय, पुसा तोंडाला पानं. पोरीचा पाय दोन मिनिटं कागदावर टेकवायला मी एवढी महाग झाले? दूधवाल्याला दाखवून बसले मी! कार्ड उचलून गॅसच्या शेगडीमागे टाकलं. मग काढलं. कडेला तेल लागलंय.

सोमवार, ११ मार्च

आज मॅडमनी केबिनमध्ये बोलावलं. शेंबड्याची आई तक्रार करून गेली. त्याला घरी कोणीतरी विचारलं, बाळाचं नाव काय? तर याने छातीवर हात ठेवला आणि म्हणाला, "शेंब्या". पाहुण्यांसमोर!

"मावशी, यापुढे नावाने हाक मारायची." वर, "तुमचं वय झालं म्हणून आम्ही समजून घेतो." आहाहा! अहो, मी लाडाने म्हणते. ज्याचं नाक गळतं त्याला शेंबड्या नाही तर काय राजपुत्र म्हणू? माझ्या आईने मला जन्मभर काळुंद्री म्हटलं, मी मेले का?

बाहेर येऊन काडीजवळ बोलले तर ती कागद कापता कापता म्हणाली, "पहिल्या दिवशी तुम्ही मला सगळ्यांसमोर काडी म्हणालात ना, मी घरी जाऊन जेवले नव्हते." म्हटलं, जेवायचं होतंस, म्हणजे काडी राहिली नसतीस. ती हसली नाही.

बुधवार, १३ मार्च

काडीशी बोलणं बंद. म्हणजे तिनेच बंद केलंय. घरात पण कोणी नाही. दिवसभरात मोठ्या माणसाशी बोलले ती चार वाक्यं, त्यातली तीन लाळेऱ्यांबद्दल.

शुक्रवार, १५ मार्च

झाला कार्यक्रम. भिंत खरंच सुंदर दिसत होती, खोटं कशाला बोलू. मॅडम माईकवर "आम्ही" म्हणाल्या, सात वेळा मोजलं.

भोकाडबाईंची आई बँकेत असते. कायम घाईत, पोरीला दारातून आत ढकलते आणि पळते. मी तिला मनातल्या मनात काय काय म्हणते ते इथे नको. ती आज पोरीच्या पावलांच्या फुलपाखरासमोर उभी राहिली ती हलेचना. टाचेवरून बोट फिरवत होती. मला म्हणाली, "सकाळी बूट घालताना हिचा पाय बघते, तो पण घाईत. इतका निवांत आजच बघितला, मावशी." आणि डोळे भरून आले तिचे. माझा हात धरून थँक्यू म्हणाली. त्याच हाताची मूठ होती ती!

सांगायला हवं होतं. जीभ एरवी कुठे थांबते? आज बरी टाळ्याला चिकटली. आठवडाभर सुनेला शिव्या घालतेय आणि स्वतः अठ्ठावीस पावलं भिंतीला लावून उभी होते. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, दुसरं काय. सगळे गेल्यावर काडीने एकटीने खुर्च्या उचलल्या. मी नुसती बसून राहिले.

पण राग काही जात नाही. त्या बाईला निदान पोर घरी न्यायला मिळालं, पाय बघायचा तर बूट काढायचा अवकाश. मी कुठे जाऊन बघू?

शनिवार, १६ मार्च

तीनदा फोन लावला. उचलला नाही. मग मेसेज केला – "मूठ मिळाली. पोरीचा पाय कधी बघायला मिळेल?" पाठवला आणि लगेच वाटलं, शेवटचं तेवढंच लिहायचं होतं.

रविवार, १७ मार्च

लेकाचा फोन आला. मूठ त्याची. सुनेला माहीतसुद्धा नव्हतं. "तुला काहीतरी पाठवावंसं वाटलं, आई."

पोरीचे दोन्ही पाय जन्मतःच आत वळलेले आहेत. आधी प्लास्टर झालं, मग ऑपरेशन, आता पुन्हा प्लास्टर, मांडीपर्यंत. डॉक्टर म्हणतात, उशिरा का होईना, चालेल.

मी ओरडले, मला सांगितलं का नाही? तो म्हणाला, "नोकरी सोडली नाहीस तर पोर धड निपजणार नाही, असं तू तिला म्हणाली होतीस. ती अजून विचारते मला, आई म्हणाल्या तसंच झालं का?" आणि मग, अगदी हळू, "पोरीला बघितल्याबरोबर तू काय हाक मारली असतीस, ते पण मला ठाऊक आहे."

म्हटलं, वेडा आहेस का? माझ्या नातीला मी असं म्हणेन?

खोटं बोलले. त्याने पायांचं सांगितलं तेव्हाच तो शब्द माझ्या जिभेवर आला होता.