ईशानीच्या गाण्याआधी दोन शब्द

९ फेब्रुवारी, रविवार

ईशानी रेडिओवर. मी किराणा घेऊन परत येत होतो. गाणं संपेपर्यंत राउंडअबाउटवरून बाहेर पडलो नाही, गोल फिरत राहिलो. मागच्या गाडीने हॉर्न दिला. दुसऱ्या फेरीला ती गाडी नव्हती.

गाणं चांगलं. निवेदन कमकुवत. रेडिओवाली बाई म्हणाली, ही ईशानी, मिल्टन कीन्सची. बस. गाव सांगितलं, पण जन्म नाही, शिक्षण नाही, आईवडील नाहीत. मामा तर नाहीच. एवढ्यावर श्रोत्याने काय समजायचं.

भाची सहा वर्षांची असताना आमच्या मंडळाच्या भीमजयंतीला पहिल्यांदा गायली. ओळख मी करून दिली. त्यानंतर दर वर्षी, दर कार्यक्रमाला. माझ्या दोन शब्दांशिवाय ती आपल्या लोकांसमोर कधी उभी राहिलेली नाही. आज एकटी गेली, तर हे असं झालं.

संकल्प: यापुढे तिला एकटं सोडायचं नाही.

१६ मार्च, रविवार

रचनाचा फोन. रचना म्हणजे धाकटी बहीण, ईशानीची आई. शरद ऋतूत ईशानीचा दौरा. ब्रिस्टल, ब्रायटन, मग आपलं मिल्टन कीन्स, ११ ऑक्टोबरला. पुढे मँचेस्टर वगैरे. हॉलमध्ये हजारभर माणूस मावतं.

म्हणालो, निवेदन माझ्याकडे लागलं. रचनाने घाईने फोन ठेवला. भरून आलं असावं.

भावनाने विचारलं, अहो, तुम्हाला कोणी बोलावलंय का? म्हणालो, आजवर कधी बोलवावं लागलं आहे? ती म्हणाली, तेच तर.

बायकोचा पाठिंबा मोठी गोष्ट आहे.

२२ मार्च, शनिवार

पहिला खर्डा तयार. सुरुवात १९१६ पासून. बाबासाहेब लंडनला शिकायला आले. ते आले नसते तर आपण आलो नसतो. आपण आलो नसतो तर ईशानी नसती. हे सांगितल्याशिवाय गाणं कळणार नाही.

इंद्रजितला फोनवर वाचून दाखवलं. इंद्रजित मंडळाचा सचिव, माझा जुना मित्र. म्हणाला, हरिदास, या वेगाने पोरगी स्वातंत्र्य मिळाल्यावर गाणार.

इंद्रजितला इतिहासाची गोडी आहे.

५ एप्रिल, शनिवार

गंभीर बाब. एका पेपराने ईशानीच्या गाण्याला ‘सोल’ म्हटलं आहे, म्हणजे आत्मा. आपण बौद्ध. आत्मा मानत नाही.

रचनाला फोन केला. ती म्हणाली, दादा, ते म्युझिकच्या प्रकाराचं नाव आहे. म्हणालो, गैरसमज नावांतूनच पसरतात. निवेदनात अनात्मवादावर एक परिच्छेद घातला. छोटा. संध्याकाळपर्यंत थोडा वाढला.

भावना म्हणाली, लोक तिकीट काढून येणार आहेत. म्हणालो, म्हणूनच त्यांना काहीतरी मिळालं पाहिजे.

१९ एप्रिल, शनिवार

मंडळाची जयंती. कम्युनिटी हॉल भरलेला. ईशानी एवढी कामात असूनही आली. वंदना झाल्यावर मी नवं निवेदन करून पाहिलं. प्रतिसाद अपेक्षेपलीकडे. अनात्मवादाला लोक उभे राहिले. पुष्कळजण भावनावेगाने हॉलबाहेर गेले. बाहेर पुलावाची पातेली उघडली होती, पण तो योगायोग.

शेवटी स्वतःची चारोळी:

आवाज असतो गळ्यात, पण सूर असतो मनात,
आपली ईशानी गाते मिल्टन कीन्सच्या रानात.

भावना नंतर म्हणाली, इथे रान कुठे आहे? म्हणालो, झाडं आहेत. ती म्हणाली, ती कौन्सिलने लावलीत.

एक किरकोळ अडचण. माझं बोलणं संपेपर्यंत साथीच्या संगीताचा लॅपटॉप झोपला. पासवर्ड कोणाला माहीत नव्हता. ईशानीने थोडी वाट पाहिली आणि तशीच गायला लागली, संगीताशिवाय, अगदी खालच्या आवाजात. बाहेरचे लोक थाळ्या घेऊन परत आले. इंद्रजितचा चमचा तोंडाशी थांबलेला मी स्वतः पाहिला.

तापलेल्या हॉलचा गायकाला फायदा होतो.

३ मे, शनिवार

जयंतीच्या गाण्याचा व्हिडिओ कोणीतरी टाकला. लाखो लोकांनी पाहिला. काढणारी इंद्रजितची मुलगी मंजिरी. व्हिडिओ गाण्यापासून सुरू होतो. तिला मेसेज केला की पूर्ण आवृत्ती पाठव. उत्तर आलं, सॉरी काका, फोनमध्ये जागा नव्हती.

तंत्रज्ञानाच्या मर्यादा.

व्हिडिओखाली लिहिलं, ‘निवेदन: हरिदास.’ एक लाइक आला. भावनाचा. विचारलं तर म्हणाली, चुकून बोट लागलं.

१४ जून, शनिवार

ग्रेसला ईमेल केला. ग्रेस ईशानीची मॅनेजर, लीड्सची. खर्डा जोडला, इंग्रजी भाषांतरासह. आज उत्तर: व्हेरी इंटरेस्टिंग, हरिदास, लीव्ह इट विथ मी.

काम झालं. सत्तावीस वर्षं या देशात आहे. होकार कसा देतात हे मला कळतं.

१२ जुलै, शनिवार

आवाजाची काळजी आजपासून. थंड ताक बंद. चहा बंद. सकाळी मध. दुपारी मौन.

निळं जॅकेट घेतलं. बटणं लागत नाहीत. अजून तीन महिने आहेत.

१३ जुलै, रविवार

चहा घेतला. मौन उद्यापासून. भावना म्हणाली, मौनाचं तेवढं बघा.

२४ ऑगस्ट, रविवार

ईशानी जेवायला आली. एकटीच, न कळवता. भावनाने तिच्यासाठी वांग्याची भाजी केली. पोरगी वाळली आहे. दोनदा म्हणाली, मामा, मला एक सांगायची होती. दोन्ही वेळा मी तिला धीर दिला. बाबासाहेबांना ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात कसे दिवस काढावे लागले, ते सविस्तर सांगितलं. तिने भाजीत पोळी बराच वेळ फिरवली.

निघताना दारात म्हणाली, मामा, ऑक्टोबरचं… म्हणालो, काळजी करू नकोस, सगळं पाठ आहे. तिने मला मिठी मारली. जरा जास्त वेळ.

भावना भांडी विसळत होती. म्हणाली, ती काहीतरी सांगायला आली होती. तुम्ही तोंड उघडू दिलं नाही.

मुलीला शब्द सुचत नाहीत. म्हणून तर निवेदक लागतो.

६ सप्टेंबर, शनिवार

रचना गाडी घेऊन दारात. चहाला नको म्हणाली. उभ्याउभ्याच सांगितलं. दादा, अशा शोमध्ये निवेदन नसतं. दिवे जातात, ती येते, गाते. नावसुद्धा कोणी सांगत नाही.

म्हणालो, हीच तर उणीव आहे.

रचना म्हणाली, ती रात्र रात्र झोपत नाहीये. तुला नाही कसं म्हणायचं ते तिला कळत नाही. लहानपणी तिला कडेवर तू फिरवलंस. तूच सांग ना तिला की तुला जमणार नाही.

म्हणालो, मला जमणार आहे.

ती गाडीत बसली. काच खाली करून म्हणाली, दादा, माझी पोरगी आहे ती. तुझं भाषण नाही.

आई कलावंताच्या वाढीत अडथळा कशी होते, यावर एक वाक्य घालावं का? नको. घरचा विषय.

ईशानीची झोप माझ्या श्रमांच्या काळजीने उडाली असेल. तिला कळवलं पाहिजे की मी ठणठणीत आहे.

२० सप्टेंबर, शनिवार

पेपरात ईशानीची मुलाखत. पान भरून. त्यात मी. सहा प्रती घेतल्या. दुकानदाराने विचारलं, घरात कोणी वारलं का?

मुलाखतकाराने विचारलं, भरलेला हॉल असा मुठीत धरायला कुठे शिकलीस? ती म्हणाली, माझ्या मामांमुळे. नावासकट. मग पुढे बरंच आहे.

इंद्रजितचा फोन. बराच वेळ नुसता हसत होता. आनंद व्यक्त करायची प्रत्येकाची पद्धत वेगळी.

२१ सप्टेंबर, रविवार

मुलाखत पुन्हा वाचली. ती म्हणते, माझे मामा मला स्टेजवर शेजारी उभं करून बोलायचे. फ्रॉक घालून मी उभी. त्यांचं संपेपर्यंत सगळे जेवायला गेलेले असायचे. मग माइक माझ्या हातात. ओरडून कोणी परत येत नाही, हे मला सातव्या वर्षी कळलं. हळू सुरू करायचं. इतकं हळू, की ऐकायचं तर चावणं थांबवावं लागेल. तुम्ही ज्याला माझ्या आवाजातला सोल म्हणता, तो म्हणजे माणसांना परत खुर्चीवर आणायची धडपड आहे.

दुपारी

पुन्हा वाचली.

रात्री

भावनाला विचारलं, लोक खरंच जेवायला जायचे? ती म्हणाली, तुम्ही जेवून घ्या आधी.

२२ सप्टेंबर, सोमवार

निवेदनातून निवृत्ती. ईशानीला मेसेज केला: ऑक्टोबरला मला जमणार नाही, गुडघा. तिचं लगेच उत्तर. एक लाल हृदय. गुडघ्याची चौकशी नाही.

फाइल डिलीट केली. मग रिसायकल बिनमधून परत घेतली. स्क्रीन फार रिकामी दिसत होती.

बघू, माझ्याशिवाय कसं जमतं.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

ईशानीचा फोन, ब्रायटनहून. रडका आवाज. म्हणाली, मामा, मी घाबरली. ब्रिस्टलला पण आणि काल पण. सगळे आधीच ऐकत होते. पहिल्या सेकंदापासून, एकदम शांत. मला कळलाच नाही आवाज कुठे ठेवायचा. मी नुसती नीट गायली. पेपरमध्ये पण तेच आलं, नीट.

मी ऐकत होतो. मध्ये बोललो नाही.

ती म्हणाली, तुम्ही या ना मिल्टन कीन्सला. फुल बोला. काही कट नका करू. बाबासाहेब, ते आत्म्याचं, कविता, सगळं. प्लीज मामा. गुडघा बरा आहे ना?

म्हणालो, बराच बरा आहे.

मी सांगितलं होतं, असं म्हणालो नाही. फोन ठेवता ठेवता म्हणालो.

भावनाला सांगितलं, तिला माझी गरज आहे. ती म्हणाली, आहे. मग जॅकेटची बटणं पुढे सरकवून दिली.

१२ ऑक्टोबर, रविवार

काल झालं.

ग्रेसने माइक दिला. म्हणाली, टेक युअर टाइम. या देशात मला हे कोणी कधी म्हटलं नव्हतं.

१९१६ पासून सुरुवात. थोड्या टाळ्या पडल्या. बाबासाहेब बोटीतून उतरेपर्यंत बारपाशी रांग लागली.

रांग मी पाहिली. आधी नजर कागदावर असायची. काल पाठ होतं, म्हणून दिसलं. पुढचा एक तरुण फोनमध्ये मान घालून होता. एक बाई कोट चढवत होती. चारोळीला कोणीतरी हसलं. ती विनोदी नव्हती.

थांबता येत नव्हतं. काम तेच होतं. अनात्मवाद पूर्ण केला. विंगेत ईशानी उभी. माझ्याकडे पाहत नव्हती. बारकडे पाहत होती. रांग वाढत गेली तसा तिचा चेहरा उजळत गेला.

मग ती आली, माइक घेतला. संगीत नाही. शेजारी उभं राहून मलाच नीट ऐकू येईना. आधी कोटवाली थांबली. एक बाही आत, एक बाहेर. मग रांगेतली तोंडं वळली. माणसं प्लास्टिकचे ग्लास घेऊन परत आली. काही ग्लासाशिवायच आली. रचना रडत होती. मी स्टेजवरून उतरायचं विसरलो. ग्रेसने येऊन बाहीला धरून नेलं.

नंतर ईशानी गळ्यात पडली. म्हणाली, मामा, तुम्ही बेस्ट आहे. ग्रेस म्हणाली, ब्रिलियंट, पुढच्या सगळ्या शहरांना या. मँचेस्टरचा हॉल मोठा आहे, तीन मिनिटं वाढवता येतील का?

गाडीत भावना म्हणाली, आयुष्यात पहिल्यांदा तुम्हाला कोणी लांबवा म्हणालं.

मी गाडी चालवत राहिलो.

१९ ऑक्टोबर, रविवार

सकाळपासून टेबलापाशी. मँचेस्टरसाठी तीन मिनिटं.

तिथल्या कापडगिरण्यांचा इतिहास घालून पाहिला. कंटाळवाणा वाटला, खोडला. मग लक्षात आलं, कंटाळवाणाच हवा. परत लिहिला. आता मुद्दाम लिहिल्यासारखा दिसतो. खोडला.

नवी चारोळी केली. पहिली ओळ लिहिली आणि कोट चढवणारी बाई दिसली. जुनं निवेदन मोठ्याने म्हणून पाहिलं. बोटीपाशी आपोआप घाई होते. अनात्मवाद दोन वाक्यांत आटपला. कसा, ते कळलं नाही.

दुपारी इंद्रजितला वाचून दाखवलं. एकदाही हसला नाही. शेवटी म्हणाला, हरिदास, छान झालंय रे. मुद्देसूद. पहिल्यांदाच वाटलं, अजून थोडं ऐकावं.

शनिवारी मँचेस्टर. ईशानीला काय सांगू.